पूल कोणाचा, टोल कोणाचा? अटल सेतूवर फास्टॅगचा वार्षिक पास का चालत नाही?

फास्टॅगचा वार्षिक पास आल्यापासून मला एक प्रश्न सारखा विचारला जातो. "पास घेतलाय, अॅपमध्ये अॅक्टिव्ह दिसतोय, मग अटल सेतूवर २५० रुपये कापले कसे?" काहींना वाटतं टॅग खराब झाला, काहींना वाटतं बँकेने घोळ घातला.

खरं तर टॅगही ठीक असतो आणि बँकही. अटल सेतू ज्याच्या मालकीचा आहे, त्याला तो पास लागूच नाही. इतकं साधं उत्तर आहे. पण "मालकी" हा शब्द आला की पुढचे प्रश्न येतातच. पूल नेमका कोणाचा असतो? टोल कोणाच्या खात्यात जातो? आणि तो कधीतरी संपतो का? आज हेच सोप्या भाषेत बघू.

आधी बघू, पैसे कापले जातात कसे

काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. आत एक छोटी चिप आणि अँटेना असते. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्याच लहरींच्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. याला आरएफआयडी म्हणतात.

तो नंबर टोलनाक्याच्या बँकेकडे जातो. तिथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे जी संस्था यूपीआय चालवते तिच्याकडेच. टॅग चालू आहे का, गाडी कोणत्या प्रकारची आहे, टॅग कोणत्या बँकेचा आहे, हे तिथे तपासलं जातं. मग तुमच्या बँकेला सांगितलं जातं की इतके पैसे काप. शेवटी तुमच्या फोनवर मेसेज येतो.

अटल सेतूवर तर गाडी थांबवावीही लागत नाही. तिथे रस्त्यावर आडव्या कमानी आहेत. त्यांच्यावरचे रीडर टॅग वाचतात आणि कॅमेरे नंबर प्लेट टिपतात. आपण वेगात पुढे निघून जातो.

आता यात एक गंमत आहे. ही यंत्रणा देशभर एकच आहे. केंद्राचा रस्ता असो, राज्याचा पूल असो नाहीतर मॉलचं पार्किंग, टॅग तोच आणि मेसेजही साधारण तसाच. त्यामुळे आपल्याला वाटतं की टोल घेणारा एकच कुणीतरी आहे. पण फास्टॅग हे फक्त पाकीट आहे. पाकिटातले पैसे कोणाच्या गल्ल्यात पडतात, ते रस्त्याच्या मालकावर ठरतं.

वार्षिक पासचं कोडं

१५ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी हा पास सुरू केला. तेव्हा किंमत होती ३,००० रुपये. त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांसाठी आहे. केंद्राने आपल्या रस्त्यांवर सवलत दिली, राज्याच्या रस्त्यावर ती कशी देणार? शेजाऱ्याच्या दुकानातल्या मालावर आपण डिस्काउंट जाहीर करू शकत नाही, तसंच हे.

अटल सेतू आहे एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. वांद्रे-वरळी सी लिंक एमएसआरडीसीचा, म्हणजे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा. दोन्ही राज्य सरकारच्या संस्था. त्यामुळे तिथे तुमचा टॅग साध्या टॅगसारखा वागतो आणि नेहमीचा टोल कापतो.

टोल ठरवण्याची पद्धतही मालकाप्रमाणे बदलते. राष्ट्रीय महामार्गांसाठी २००८ चे नियम आहेत आणि त्यात हिशोब लिहिलेला आहे. पूल, बोगदे, उड्डाणपूल बांधायला खर्च जास्त येतो, म्हणून टोल काढताना त्यांची लांबी दहापट धरली जायची. म्हणजे एक किलोमीटरचा पूल दहा किलोमीटर रस्त्याइतका. जुलै २०२५ मध्ये यात बदल झाला. आता दोन आकडे काढतात. एक, पुलांची दहापट लांबी अधिक उरलेला रस्ता. दुसरा, पूर्ण टप्प्याची पाचपट लांबी. यातला जो लहान, त्यावर टोल. ४० किलोमीटरचा अख्खा टप्पा पुलांचाच असेल तर आधी ४०० किलोमीटरचा हिशोब लागायचा, आता २०० चा लागतो.

अटल सेतूचा दर या सूत्रातून आलेला नाही. तो जानेवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवला. कारसाठी एका बाजूचे २५० रुपये.

एकच प्रवास, दोन मालक

मालकीने काय फरक पडतो ते बघायचं असेल तर मरीन ड्राइव्हवरून वांद्र्याला निघा. आधी लागतो कोस्टल रोड. तो मुंबई महापालिकेने बांधला, मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि त्यावर टोल नाही. पुढे गाडी सरळ सी लिंकवर चढते आणि तिथे टोल कापला जातो. एप्रिल २०२४ पासून कारला १०० रुपये. त्याआधी ८५ होते.

डावीकडे तोच समुद्र, गाडी तीच, मध्ये ब्रेकसुद्धा लावायला नको. मग अर्धा रस्ता फुकट आणि अर्ध्याला पैसे, असं का? कारण कोस्टल रोडचा खर्च महापालिकेने आपल्या तिजोरीतून केला. ती तिजोरी मुंबईकरांच्या करातून भरते. कधीच कारने न जाणाऱ्या माणसानेही त्यात भर घातली आहे. सी लिंक २००९ मध्ये खुला झाला. तो बांधणाऱ्या महामंडळाचं गणितच टोलवर उभं आहे, तिथे जो वापरतो तो भरतो.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही की "टोल नाही" म्हणजे "फुकट" नव्हे. पुलाचे पैसे कोणीतरी भरतंच. प्रश्न एवढाच असतो की कोण, किती आणि किती वर्षं.

अटल सेतू: कर्ज काढून बांधलेला सरकारी पूल

शिवडी ते न्हावा-शेवा हा पूल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यातले सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. खर्च १७,८४० कोटी रुपयांहून जास्त. यातला मोठा भाग जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून आला. म्हणजे पूल सरकारी, पण कर्ज फेडायचं आहेच.

जरा मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. १७,८४० कोटी भागिले २५०. उत्तर येतं ७१ कोटींपेक्षा जास्त फेऱ्या. समजा रोज ५०,००० गाड्या गेल्या आणि प्रत्येकीने २५० रुपये दिले, तर नुसता बांधकामाचा खर्च निघायला ३९ वर्षं लागतील. यात व्याज नाही, देखभाल नाही, रात्रीच्या दिव्यांचं बिल नाही. हे गणित फक्त अंदाज यावा म्हणून आहे. खऱ्या हिशोबात ट्रक-बस जास्त टोल देतात, परतीच्या फेरीला आणि पासला सवलत असते. पण मुद्दा कळतो. एवढा मोठा पूल केवळ टोलवर चटकन फिटत नाही. उरलेला भार मालक संस्थेच्या बाकीच्या कमाईवर येतो. एमएमआरडीएच्या बाबतीत त्यातली मोठी कमाई जमिनीतून येते, उदाहरणार्थ वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड.

सरकारी मालकीचा एक फायदा इथे स्पष्ट दिसतो. दर बदलायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य सरकारने अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिली. पूल एखाद्या कंपनीच्या ताब्यात असता तर आधी करार उघडून बघावा लागला असता आणि बुडालेल्या टोलची भरपाई कोण देणार यावर चर्चा झाली असती.

तोटाही तिथेच आहे. दर मंत्रिमंडळ ठरवतं, म्हणजे वाढवणं, कमी करणं, मुदत वाढवणं हे सगळं सरकारच्या इच्छेवर. टोल कुठल्या आकड्याला पोहोचला की थांबणार, हा आकडा नागरिकांसमोर नसेल तर सरकारी टोलसुद्धा पिढ्यान् पिढ्या चालू शकतो.

आणि बाइकवाल्यांनो, तुम्हाला तर सेतूवर प्रवेशच नाही. पण टोलमधून तुम्ही सुटलात असं समजू नका. अॅपवरून कॅब करून सेतूवरून गेलात तर बिलात टोलची वेगळी ओळ असते. ती नीट वाचत जा.

डीएनडी: न संपणाऱ्या टोलची गोष्ट

आता दुसरं टोक बघू. दिल्लीहून नोएडाला जाताना यमुनेवर डीएनडी फ्लायवे आहे. आठ पदरी, फेब्रुवारी २००१ मध्ये सुरू झालेला. खर्च होता साधारण ४०८ कोटी रुपये. जमीन सरकारी यंत्रणेची. बांधून चालवायचं काम नोएडा टोल ब्रिज कंपनीकडे. ठरलेली मुदत संपली की पूल सरकारला परत. अशा व्यवस्थेला बीओटी म्हणतात, म्हणजे बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा.

ऐकायला उत्तम. सरकारचा पैसा लागला नाही, पूलही झाला. पण गोम १९९७ च्या करारात होती. कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळेल, असं त्यात होतं. एखाद्या वर्षी तेवढा मिळाला नाही तर जेवढा कमी पडला तेवढा प्रकल्प खर्चात मिळवायचा. आणि सगळं वसूल होईपर्यंत ३० वर्षांची मुदतही वाढू शकत होती.

क्रेडिट कार्डचं बिल आठवा. दर महिन्याला "मिनिमम ड्यू" भरत राहिलं तर काय होतं? आपण पैसे भरतोय असं वाटतं आणि बाकी वाढतच जाते. इथे तेच झालं. समजा खर्च १०० रुपये. पहिल्या वर्षी २० रुपये परतावा हवा. देखभाल वगैरे वजा जाता हातात उरले १५. कमी पडलेले ५ खर्चात मिळवले, खर्च झाला १०५. दुसऱ्या वर्षी परतावा हवा २१. टोल वाढवून हातात आले १६. पुन्हा ५ कमी, खर्च ११०. दोन वर्षं लोकांनी टोल भरला, तोही वाढीव. आणि पुलाची "किंमत" कमी व्हायच्या ऐवजी वाढली!

असा टोल कधी संपणार? कॅल्क्युलेटर म्हणतो, कधीच नाही.

नोएडातल्या रहिवाशांच्या संघटनांच्या महासंघाने न्यायालयाचं दार ठोठावलं. २६ ऑक्टोबर २०१६ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल बंद करायला सांगितलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. कंपनीचा खर्च निघालाय, भरपूर नफाही झालाय, आता लोकांकडून टोल घ्यायचं कारण उरलेलं नाही, असा त्याचा सारांश. काम देताना खुली स्पर्धा झाली नव्हती, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं.

यात एक बारकावा आहे. डीएनडीवर लोक चिडले ते खासगी कंपनी आहे एवढ्यासाठी नाही. कंपनीने पैसे घातले तर नफा घेणारच. गडबड होती ती हिशोबाच्या सूत्रात, आणि ते सूत्र मान्य करून सही केली होती सरकारी यंत्रणेने.

सरकारने पूल विकत घेतला तर?

असंही झालंय. स्कॉटलंडमध्ये स्काय नावाचं बेट आहे. १९९५ मध्ये खासगी पैशातून तिथे पूल झाला आणि टोल सुरू झाला. पूल सुरू होताच तिथली जुनी फेरीबोट बंद पडली, त्यामुळे रोजच्या येण्याजाण्याला सोयीचा दुसरा रस्ताच राहिला नाही. लोकांनी टोल भरायला नकार दिला, अनेकांवर खटले झाले. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये स्कॉटलंड सरकारने सुमारे २.७ कोटी पौंड देऊन पूल ताब्यात घेतला आणि टोल त्याच वेळी बंद केला.

म्हणजे टोल तीन वाटांनी संपू शकतो. खर्च वसूल झाला म्हणून, न्यायालयाने सांगितलं म्हणून, किंवा सरकारने पैसे मोजले म्हणून. तिसऱ्या वाटेत टोलनाका जातो, पण पैसे करदात्याच्या खिशातूनच जातात.

स्कायची आणखी एक गोष्ट आपल्याला लागू आहे, ती म्हणजे पर्याय. अटल सेतूचे २५० रुपये जड वाटले तर वाशीच्या खाडीपुलावरून जाता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल नाही आणि वाशी त्यातलंच एक. वेळ जास्त लागेल, ट्रॅफिक लागेल, पण निवड आपल्या हातात आहे. माझ्या मते टोल योग्य की अन्याय्य हे ठरवताना हा मोठा निकष आहे. पर्याय असेल तर टोल ही सोयीची किंमत असते. पर्याय नसेल तर तो नाव बदललेला करच असतो.

मोबाइलवर काय तपासाल?

आता कामाचं बोलू.

१. स्टेटमेंट उघडा. ज्या बँकेचा फास्टॅग आहे तिच्या अॅपमध्ये प्रत्येक व्यवहारापुढे नाक्याचं नाव, तारीख आणि वेळ असते. नाक्याचं नाव कळलं की मालक शोधणं सोपं. पैसे चुकून दोनदा कापले असतील तर तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडेच करायची.

२. गाडीचा वर्ग बघा. कार, जीप, व्हॅनसाठी वर्ग ४ असतो. टॅगवर चुकीचा वर्ग नोंदला असेल तर दर चुकीचा लागू शकतो.

३. राष्ट्रीय महामार्गाचा नाका असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या टोल माहिती संकेतस्थळावर जा. तिथे नाक्यानुसार दर, प्रकल्पाचा खर्च आणि आतापर्यंतची वसुली अशी माहिती दिलेली असते. खर्च आणि वसुली शेजारी शेजारी ठेवून वाचा, डोळे उघडतात. १०३३ ही हेल्पलाइनसुद्धा राष्ट्रीय महामार्गांसाठीच आहे, अटल सेतूची तक्रार तिथे नेऊन उपयोग नाही.

४. राज्याचा पूल असेल तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावर फोनवरून अर्ज करता येतो, फी १० रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे. गोलगोल प्रश्न विचारू नका. सरळ विचारा: पुलाचा एकूण खर्च किती? आजपर्यंत टोल किती जमा झाला? देखभाल आणि व्याजावर किती गेला? कर्ज किती बाकी आहे? टोलची अधिसूचना कधीपर्यंत आहे?

माझं मत

सोशल मीडियावर टोलची चर्चा दोनच टोकांवर चालते. एक गट म्हणतो सगळा टोल म्हणजे लूट, दुसरा म्हणतो चांगला रस्ता हवा तर पैसे मोजा. दोघंही पुलाच्या मालकाचं नाव विचारत नाहीत.

मला विचाराल तर मोठा सार्वजनिक पूल सरकारच्याच मालकीचा असावा. लोकांना रोज लागणाऱ्या गोष्टीचा दर लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवावा, कारण त्यांना निदान पाच वर्षांनी जाब विचारता येतो. पण मालक सरकार आहे म्हणून आपोआप न्याय होत नाही. डीएनडीच्या करारावर सरकारी यंत्रणेचीच सही होती. मालकीइतकाच महत्त्वाचा आहे उघडा हिशोब.

आपल्या फोनवर टोलचा मेसेज काही सेकंदांत येतो. नाक्यावरून कोणती गाडी किती वाजता गेली आणि किती पैसे दिले, ही सगळी माहिती डिजिटल आहे. मग प्रत्येक पुलाचा खर्च, वसुली आणि बाकी रक्कम दर महिन्याला लोकांसमोर ठेवायला अडचण कसली? तंत्रज्ञान पैसे कापायला चालतं, तर हिशोब द्यायलाही चालायला हवं.

पुढच्या वेळी मेसेज आला की नाक्याचं नाव वाचा आणि मालक कोण ते शोधा. गाडीच्या किंवा कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी "पास चालत नाही" म्हणून वैतागला असेल तर त्याला हा लेख पाठवा. आणि कोणी माहिती अधिकाराचा अर्ज केलाच, तर काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा.